एका सहीपायी फेकलेलं रक्त

काल बॉस्टनमधल्या आमच्या लॅबमध्ये एका पेशंटबाईंचं रक्त न वापरताच टाकून द्यावं लागलं आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. ब्रेस्ट कॅन्सर, हाडांत पसरलेला. स्वतःच्या तपासणीबरोबर एक जास्तीची ट्यूब त्यांनी रिसर्चसाठी दिलेली, ज्यातून त्यांना काहीही मिळणार नव्हतं. पण संमतीचा फॉर्म जुना निघाला, नव्या फॉर्मवर सही नाही, मग ट्यूब उघडायचीसुद्धा नाही!

एका ट्यूबचं काय एवढं? अहो, एक मिली रक्तात तांबड्या पेशी पाच अब्जांच्या घरात, पांढऱ्या काही दशलक्ष, आणि ट्यूमरमधून सुटून आलेल्या कॅन्सरच्या पेशी कधी एक, कधी दहा, कित्येकदा एकही नाही. 1869 मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने त्या पहिल्यांदा पाहिल्या, पण त्या मोजणाऱ्या सेलसर्च टेस्टला इथे परवानगी मिळायला 2004 उजाडलं. त्यात अशा पेशींच्या पृष्ठभागावर असणाऱ्या एपकॅम या प्रोटीनला चिकटणारे बारीक लोहकण रक्तात सोडतात आणि चुंबकाने पेशी ओढून घेतात. काही पेशी एपकॅमच गमावून बसतात आणि निसटतात, म्हणून इथल्याच मास जनरल हॉस्पिटलवाल्यांनी 2013 मध्ये उलटा रस्ताही दाखवला, तांबड्या-पांढऱ्या पेशीच बाजूला काढायच्या आणि राहील ते तपासायचं. अशा पेशी जिवंत हाती लागल्या तर त्यांच्यावर औषधंही तपासता येतात. पण जिवंत हव्या तर रक्त ताजंच लागतं, सही होईपर्यंत कोण थांबणार!

नियम का आला ते मला माहितीय. 1951 मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या पेशंटच्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्या हेला पेशी आजही जगभर वाढवतात. विचारलंच पाहिजे, शंभर टक्के. पण या बाईंना विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं, फक्त कागद जुना होता!

दादा म्हणतो, मग ये की परत, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर रिसर्च सेंटर अ‍ॅक्ट्रेक आहे, पुण्यात तर अशा पेशी पकडायची आपली ऑन्कोडिस्कव्हर टेस्टसुद्धा निघालीय. खरंय, आणि अभिमानही वाटतो, टाटाचे डॉक्टर ज्या गर्दीत काम करतात ती इथल्यांना झेपणार नाही. पण मी जे शिकतेय, जिवंत पेशी वेगळ्या करून वाढवणं, ते अजून अर्धवट आहे, आणि अर्धवट शिकून परत येण्यात कुणाचंच भलं नाही असं मला मनापासून वाटतं. सोमवारी कोऑर्डिनेटरशी बोलणार आहे, त्या बाई पुढच्या तपासणीला येतील तेव्हा नवा फॉर्म आधीच तयार ठेवा म्हणून.