चंद्राच्या रकान्यात तिनं ‘नाही’ लिहिलं

घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटून झाल्या होत्या. सातवीचा वर्ग, विज्ञानाचा तास. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पेपर हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली. अर्ध्या-पाव गुणासाठी हुज्जत घालणाऱ्यांतली ती नव्हती, म्हणून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

प्रश्न होता तक्ता पूर्ण करण्याचा. डावीकडे सूर्यमालेतल्या काही वस्तूंची नावं, पुढे दोन रकाने: परिवलनकाळ आणि परिभ्रमणकाळ. पृथ्वीसमोर तिनं २४ तास आणि ३६५ दिवस लिहिलं होतं. चंद्रासमोर परिभ्रमणाच्या रकान्यात २७.३ दिवस, तेही बरोबर. परिवलनाच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता, ‘नाही’. त्यावर माझी लाल फुली.

“बाई, चंद्राचं परिवलन होतच नाही,” ती म्हणाली. “त्याची एकच बाजू आपल्याला दिसते हे तुम्हीच शिकवलंत. स्वतःभोवती फिरत असता तर कधी तरी मागची बाजू दिसली असती.”

मी नेहमीचं उत्तर दिलं. त्याचा स्वतःभोवती फिरायचा आणि पृथ्वीभोवती फिरायचा काळ अगदी सारखा आहे, २७.३ दिवस, म्हणून आपल्याला एकच बाजू दिसते. ती तशीच उभी राहिली. “ते पाठ आहे, बाई. पण तो वळतो हे कशावरून?”

मी वर्गाकडे वळले आणि विचारलं, “चंद्र स्वतःभोवती फिरतो असं खरंच कोणाला वाटतं?” पाच-सहा हात वर आले. त्या रकान्यात २७.३ लिहून पूर्ण गुण मिळवलेली मुलं याच्या कितीतरी पट होती. म्हणजे बहुतेकांनी मनाला न पटलेला आकडा लिहिला होता आणि मी त्यावर बरोबरची खूण केली होती. जिनं विचार करून लिहिलं, तिच्या वाट्याला फुली आली. तेव्हा पोटात जे कालवलं ते अजून आठवतं.

फळ्यावर आदल्या आठवड्यातल्या व्याख्या पुन्हा लिहिल्या. परिवलन: स्वतःभोवती फिरणे. परिभ्रमण: दुसऱ्या वस्तूभोवती फिरणे. लिहिता लिहिता लक्षात आलं की दोन वेगळ्या गोष्टींसाठी मी एकच क्रियापद वापरत आलेय. मराठीतलं ‘फिरणं’ फार ऐसपैस आहे. भोवरा फिरतो, माणूस गावभर फिरतो, दिवस फिरतात, डोकंही फिरतं. मुलांच्या कानाला दोन्ही व्याख्या जवळजवळ एक वाटल्या तर त्यांचा काय दोष? खरं तर मूळ शब्द व्याख्येपेक्षा जास्त बोलके आहेत. ‘वलन’ हे आपल्या ‘वळणं’चं नात्यातलं, आणि ‘भ्रमण’ म्हणजे हिंडणं. एकात तोंडाची दिशा बदलते, दुसऱ्यात जागा बदलते. मी ‘फिरणे’ पुसलं. परिवलनापुढे लिहिलं गिरकी, परिभ्रमणापुढे फेरी.

मग सगळ्यांना मैदानावर नेलं.

तिलाच पृथ्वी केलं. मधोमध उभी राहा आणि चंद्र जिकडे जाईल तिकडे बघत राहा, एवढंच काम. एक उंच मुलगा चंद्र झाला. मैदानाच्या कडेपलीकडे दूर पाण्याची टाकी होती, ती आमचा सूर्य. बाकीचे कडेला गोल करून बसले.

पहिली फेरी. चंद्रानं सतत पृथ्वीकडे तोंड ठेवून तिच्याभोवती चालायचं. तो गोल फिरून आला. पृथ्वी लगेच म्हणाली, “बघा, हा वळलाच नाही! सारखा माझ्याकडेच बघत होता.”

मी चंद्राला विचारलं, “तुला तिच्या डोक्यामागे काय काय दिसलं?”

तो आठवून सांगू लागला. “आधी टाकी. मग झाड. मग आपला वर्ग. मग फाटक. मग परत टाकी.” आणि स्वतःच थांबला. चारही दिशांना तोंड करून झालं होतं, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. कडेला बसलेल्यांना कधी त्याचा चेहरा, कधी कान, कधी पाठ दिसली होती. फक्त मधल्या पृथ्वीला सबंध वेळ चेहराच दिसला.

तिला हे अर्धंच पटलं. “पण तो चालत होता म्हणून दिशा बदलली. मुद्दाम वळला कुठे?”

तिचा आक्षेप योग्यच होता, आणि त्याला उत्तर दुसऱ्या फेरीनंच देता येणार होतं. या खेपेला चंद्रानं तोंड कायम टाकीकडे ठेवायचं, अजिबात वळायचं नाही, तसंच पृथ्वीभोवती चालायचं. बिचारा आधी आडवा, मग उलट्या पावलांनी, मग पुन्हा आडवा चालला. मैदानावर हशा पिकला. आणि तो हशा चालू असतानाच पृथ्वी ओरडली, “बाई, आता मला याची पाठ दिसतेय!”

वळला नाही म्हणून पाठ दिसली. जी मागची बाजू दिसत नाही म्हणून तिनं ‘नाही’ लिहिलं होतं, ती बाजू दिसायला चंद्रानं वळणं थांबवायला हवं होतं.

हसणारे गप्प झाले. तेवढ्यात गोलातून एक मुलगा उठला. हा एरवी तासाला तोंड उघडत नाही. म्हणाला, “बाई, चांद्रयान-३ला पण रात्र झाली होती.” काय म्हणायचंय ते आधी मला कळेना. त्यानंच उलगडलं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला तेव्हा तिथे सकाळ होती. सप्टेंबर उजाडल्यावर रात्र होणार म्हणून आधी प्रज्ञानला, मग विक्रमला झोपवलं. दिवस-रात्र कशामुळे होतात? परिवलनामुळे, हे आम्ही पृथ्वीच्या धड्यात शिकलोय. मग चंद्रावर रात्र होते तर त्याचंही परिवलन होतच असणार.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पाठ केलेली व्याख्या अशी हत्यारासारखी वापरलेली मी क्वचितच पाहिली आहे.

अर्थात पृथ्वी गप्प बसणार नव्हती. “पण तो पृथ्वीच्या अलीकडे-पलीकडे जातो म्हणून रात्र होत असेल.” त्यासाठी दुसरी फेरी पुन्हा करून पाहिली. तोंड टाकीकडे ठेवून चालणाऱ्या चंद्राच्या नाकावर सूर्याचा उजेड सतत होता, तो पृथ्वीच्या अलीकडे असो की पलीकडे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, चंद्र जेमतेम ३ लाख ८४ हजार. एवढ्याशा फेरीनं सूर्याची दिशा बदलल्यासारखी वाटतही नाही. चंद्र वळला नसता तर आज जिथे ऊन आहे तिथे महिनाभरानंही ऊनच असतं. प्रत्यक्षात तिथे साधारण चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस अंधार असतो.

याच जागी ‘चंद्राची काळी बाजू’ हा शब्दप्रयोगही मी मोडीत काढला. मला तो मनापासून खटकतो, कारण त्यानं मुलांच्या डोक्यात कायमचा अंधार बसतो. आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवरही तितकंच ऊन पडतं. अमावास्येला तर पूर्ण तिच्यावरच पडतं. तिला पलीकडची बाजू म्हणावं. ऑक्टोबर १९५९ मध्ये लुना-३ यानानं तिची पहिली छायाचित्रं काढली आणि ३ जानेवारी २०१९ ला चांग-अ-४ तिथे उतरलं. चंद्र किंचित डोलतो म्हणून कडेकडेचा थोडा भाग आळीपाळीनं दिसतो. सगळं धरून आपल्याला ५९ टक्के चंद्र पाहता येतो.

वर्गात परतताना ती माझ्याबरोबर चालत होती. “बाई, मी मधे उभी असताना तो वळत नव्हता. बाहेरच्यांना वळताना दिसला. मग खरं कुणाचं धरायचं?”

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि व्याख्येत त्याचं उत्तर मी कधी घातलंही नव्हतं. परिवलन मोजतात ते दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात, म्हणजे कडेला बसलेल्यांच्या नजरेनं. चंद्राचे २७.३ दिवस तसे मोजलेले, नाक्षत्र. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत मात्र सुमारे २९.५ दिवस लागतात, कारण तोवर पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकलेली असते आणि चंद्राला सूर्याच्या रेषेत यायला आणखी दोन दिवस चालावं लागतं.

बाकावर बसता बसता ती पुन्हा उठली. “मग पृथ्वीचे २४ तास कुणाच्या नजरेनं?”

सूर्याच्या. आणि त्याच तक्त्यात पृथ्वीच्या परिवलनासमोर २४ तास लिहिलेल्या प्रत्येक पेपरवर मी बरोबरची खूण केली होती. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक गिरकी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण होते. तेवढ्या वेळात ती कक्षेत जवळपास एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला साधारण चार मिनिटं जास्त वळावं लागतं. रोजची चार मिनिटं वर्षभर साठवली की एक अख्खी गिरकी होते. वर्षात दिवस ३६५ आणि गिरक्या ३६६. जास्तीची गिरकी कुठून आली? मैदानावरच्या चंद्राला न कळत मिळालेली गिरकी जिथून आली, तिथूनच. हे फळ्यावर मांडताना माझाच हात थरथरला. वाचलं होतं सगळं, पण चंद्राचा आणि पृथ्वीचा हिशेब एकच आहे हे त्या दिवसाआधी मला इतकं लख्ख दिसलं नव्हतं.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी त्यांना बुधाची गोष्ट सांगितली. १८८९ मध्ये शियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञानं दुर्बिणीतून निरीक्षणं करून सांगितलं की बुधाची गिरकी त्याच्या फेरीइतकीच, ८८ दिवसांची आहे, म्हणजे तो सूर्याला कायम एकच बाजू दाखवतो. पुढची पाऊण शतकं हेच मानलं गेलं. १९६५ मध्ये रडारच्या लहरी बुधावर आदळवून परत आलेला प्रतिध्वनी तपासला तेव्हा कळलं की गिरकी सुमारे ५९ दिवसांची आहे. दोन फेऱ्यांत बरोबर तीन गिरक्या. तेव्हा अनेक पुस्तकांतला तो रकाना बदलावा लागला.

तिचे गुण मी वाढवले नाहीत. तिनंही मागितले नाहीत. फुलीशेजारी मी लिहिलं, ‘कारण उत्तम, निष्कर्ष तपासून पाहा’, आणि खाली सही केली.

दोन दिवसांनी तिनं वही आणून दाखवली. तोच तक्ता पुन्हा आखलेला, पण परिवलनाच्या रकान्याचे आता दोन भाग होते, ‘ताऱ्यांकडे बघून’ आणि ‘सूर्याकडे बघून’. पृथ्वी आणि चंद्र भरून झाले होते. शेवटी शुक्र होता. त्याची फेरी २२५ दिवसांची आणि गिरकी २४३ दिवसांची, तीही उलट्या दिशेनं. खाली पेन्सिलनं आकडेमोड होती. फेरीत तो रोज १.६ अंश सरकतो, गिरकीत रोज १.४८ अंश उलटा वळतो, दिशा विरुद्ध म्हणून वजाबाकीऐवजी बेरीज, ३.०८. मग ३६० भागिले ३.०८.

“सूर्याकडे बघून शुक्राचा दिवस ११७ दिवसांचा येतोय,” ती म्हणाली. “पुस्तकात हा आकडा नाहीये. बरोबर आहे का, बाई?”

मी खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं आणि दोघींनी मिळून भागाकार पुन्हा केला. बरोबर होता.