कुठे ठेवलंय?

आईबाबा दोघंही नोकरी करणारे असले की रात्री बाळ रडल्यावर बाबा हौसेने उठतो, आणि दोनच मिनिटांत विचारतो, "अगं, डायपर कुठे ठेवलेत?" प्रश्न साधाच. पण उत्तर देणारीची झोप मोडली ती मोडलीच. मग डायपर कुणी बदलला याला फारसा अर्थ उरत नाही.

रात्रीची एक बाटलीच घ्या. पाजणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. त्याआधी, आईच्या काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिलेली हवी; फ्रिजमध्ये ते 4 दिवस टिकतं, 25 अंशांपर्यंतच्या खोलीत जेमतेम 4 तास. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध एकसारखं तापत नाही, मनगटावरचा थेंब कोमट लागतो आणि मधलाच एखादा घोट तोंड भाजतो. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, मध्ये मध्ये थांबत. उष्टं दूध 2 तासांपुरतंच. नंतर ओतून द्यायचं, इथे काटकसर नको. मग ढेकर. मग निपल सुटं करून धुणं, कारण दूध साचतं ते नेमकं त्याच्या आतल्या कडेला. एवढं सगळं ज्याच्या डोक्यात, बाटली त्याची.

बाळ बाबाच्या हातून पीत नाही, ही तक्रार खरी असते. पण भुकेने रडून लाल झाल्यावर नवा प्रयोग कशाला? मुठी चोखायला लागलं की लगेच द्यावं, आणि आईने तेव्हा खोलीत नसावं. तिचा वास आल्यावर बाटलीला कोण विचारतंय!

आईलाही एक पथ्य आहे, जरा कडूच: दारातून सूचना द्यायच्या नाहीत. डायपरची मांडीजवळची झालर आत दुमडून राहिली तर गळेल, कपडे बाबाच बदलेल, पुढच्या वेळी ती बाहेर काढायला विसरणार नाही. औषधाचं मात्र तसं नाही. तापाचं औषध वजनावर ठरतं, आणि दोघांनी न विचारता दिलं तर मात्रा दुप्पट होते. म्हणून देणाऱ्याने दिल्या दिल्या वेळ आणि मात्रा फ्रिजवरच्या कागदावर लिहायची.

लसीची तारीख, आखूड झालेले कपडे, पाळणाघराच्या सुट्ट्या, ही नुसती लक्षात ठेवायची कामं वाटणीत येतच नाहीत. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर कुणाचा आहे, तेवढं बघा. बाळाला ताप आला की मीटिंगमधून तोच माणूस उठतो.