श्रावण पाळणारा माणूस

सतरा वर्षं मी श्रावण पाळला. गटारीला घसा भिजेपर्यंत प्यायचो आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंब नाही. बायकोने कधी विषय काढला की हेच तोंडावर फेकायचो, "दारुडा असतो तर महिना निघाला असता का?" दोन वर्षांपूर्वी श्रावणाच्या तिसऱ्याच सकाळी हात इतके थरथरायला लागले की शर्टाची बटणं तिला लावावी लागली. ती एक शब्द बोलली नाही. दुपारी मी क्वार्टर आणली.

त्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बजावलेली गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. रोज पिणाऱ्याने आपल्या जोरावर दारू एकदम बंद करू नये. फिट येते, भास होतात, जिवावरही बेततं. त्यांनी आधी गोळ्या सुरू केल्या आणि पुण्याच्या मुक्तांगणात राहून उपचार घ्यायला सुचवलं. तेवढी रजा शिल्लक नव्हती. मग म्हणाले, "गोळ्यांनी अंगातली उतरेल. पुढचं एकट्याला झेपणार नाही. ए.ए.च्या मीटिंगला जा." ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस.

मोबाइलवर घराजवळची एक मीटिंग सापडली. गुरुवार, संध्याकाळी साडेसात, डोंबिवलीतली एक शाळा. गेलो तर फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते लोक आता इथे बसत नाहीत." खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. प्रयत्न केला, जमलं नाही, माझा काय दोष! परतीच्या वाटेवर बार होताच. म्हणून सांगतो, यादीतला पत्ता बदललेला असू शकतो, निघण्याआधी हेल्पलाइनला फोन करा.

मी तो फोन चार दिवसांनी केला, गॅलरीचं दार लोटून घेऊन. पलीकडच्या माणसाने आडनाव विचारलं नाही, कुठे नोकरी करता तेही नाही. "आज घेतलीय का?" "हो." "असू दे. उद्या संध्याकाळी या. स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी आमचा माणूस उभा असेल."

साठीचे एक काका उभे होते, हातात छत्री. वाटेत मी म्हटलं, "माझ्यासाठी उगाच त्रास घेतलात." ते थांबले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी नाही हो. मी माझ्यासाठी आलोय." तेव्हा मला ते कळलं नाही.

मीटिंग तिसरीच्या वर्गात होती. फळ्यावर कोपऱ्यात खडूने लिहिलेलं तसंच होतं: पट ४२, हजर ३८. लहान मुलांच्या बाकांवर पंधरा-सोळा माणसं गुडघे दुमडून बसलेली. रिक्षावाला वाटला असा एक, बँकेतला वाटला असा एक, मागे दोन बायका. चहा आला. देणाऱ्याने माझ्या हाताकडे एकदा पाहिलं आणि कप अर्धाच भरला. बाकीच्यांचे भरलेले होते. त्या अर्ध्या कपाने मला बाकावर धरून ठेवलं असं आजही वाटतं, कारण त्या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि त्याने ते बोलून दाखवलं नाही.

मग शेअरिंग सुरू झालं. "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे," म्हणून एकेक जण बोलायचा. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तिसरा माणूस उठला आणि म्हणाला, "मी दर वर्षी श्रावण पाळायचो." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. माझी सतरा वर्षं तो बोलत होता.

शेवटी काकांनी १९३५ सालची गोष्ट सांगितली. बिल नावाच्या अमेरिकेतल्या शेअर दलालाला दारू सोडून काही महिनेच झाले होते. कामासाठी तो अ‍ॅक्रन गावी गेला, सौदा फसला. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, एकीकडून बारमधला आवाज येतोय. त्याला वाटलं, दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच मी वाचेन. त्याने फोन लावायला सुरुवात केली आणि शोधता शोधता डॉ. बॉब या सर्जनपर्यंत पोहोचला. तिथून हे सगळं सुरू झालं. छत्री घेऊन स्टेशनवर कुणासाठी उभे राहिले होते, ते मला तेव्हा उमगलं.

नव्याने जाणाऱ्यांना जे विचारावंसं वाटतं ते थोडक्यात: फी नाही, रजिस्टर नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, पहिल्यांदा आलेल्याने टाकलीच पाहिजे असं नाही. बोलायची सक्ती नाही. 'ओपन' मीटिंगला घरचेही चालतात, 'क्लोज्ड' फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात. बायको तिकडे जाते. तिथलं काय ते ती मला सांगत नाही, मी विचारत नाही.

चार महिन्यांनी चुलतभावाच्या हळदीत मी घसरलो. पुढच्या मीटिंगला दारातच पाय अडले. काका म्हणाले, "या, बसा," आणि सरकून जागा दिली. दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

माझा श्रावण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुटायचा, ठरलेल्या बारमध्ये, ठरलेल्या मित्रांबरोबर. यंदा त्या संध्याकाळी मी तिसरीच्या वर्गात होतो. चहा वाटायची पाळी माझी होती.