हिरव्या बाकांसमोर, दुखऱ्या गुडघ्यांनी

"मावशी, म्युझियमं पुरे," असं म्हणत भाचीनं शनिवारी सकाळी ब्रिटिश संसदेची तिकिटं काढली. विमानतळासारखी झडती झाली आणि आम्ही वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरलो. पायाखाली गार दगड, वर सहाशे वर्षांपूर्वीचं लाकडी छत. मान दुखेपर्यंत बघत राहिले. 10 मे 1941 च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत हे छतही पेटलं आणि शेजारचं हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृहही. दोन्ही वाचणार नव्हती. हॉल वाचवला, सभागृह जळू दिलं. चर्चिल पंतप्रधान झाले त्याला त्या रात्री बरोबर वर्ष होत होतं.

सभागृहाच्या तोंडाशी एक कमान आहे, फुटक्या, भाजलेल्या दगडांची. ती तशीच राहू द्यावी, हा चर्चिल यांचाच आग्रह. बाजूला त्यांचा पुतळा, डाव्या बुटाचं टोक खासदारांच्या हातांनी घासून चकचकीत झालेलं. देवळातल्या नंदीची आठवण झाली.

आत गेल्यावर पहिला विचार: एवढंसंच? युद्धाच्या वेळी सदस्य होते 615 आणि आज बसायला जागा आहे 427 जणांना. पुन्हा बांधतानाही चर्चिल यांनी मुद्दाम ते लहानच ठेवायला लावलं. रिकाम्या बाकांसमोर भाषण रंगत नाही म्हणून. हिरव्या बाकांवर पर्यटकांनी टेकायचं नसतं. माझे गुडघे कुरकुरत होते.

1935 मध्ये निवडून आलेली मंडळी 1945 पर्यंत खासदार राहिली, सभागृह जळल्यावर दुसरीकडे बसून. निवडणूक दरवर्षी कायदा करून पुढे ढकलायची. सभापती फिट्झरॉय 1943 मध्ये पदावर असतानाच वारले. रॅमसे नावाचे एक खासदार नाझीधार्जिणे म्हणून चार वर्षं स्थानबद्ध होते, पण खासदारकी शाबूत! विरोधी पक्षाची तर गंमतच. युद्धकाळात विरोधातल्या मजूर पक्षाचे नेते ॲटलीच चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात, मग समोर कोण? कामकाज चालायला कोणीतरी हवं म्हणून मजूर पक्षाचाच एक ज्येष्ठ नावापुरता विरोधी पक्षनेता व्हायचा. 1942 च्या सुरुवातीला काही दिवस हे काम पेथिक-लॉरेन्स यांच्याकडे होतं. तेच पुढे 1946 मध्ये सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी कॅबिनेट मिशन घेऊन दिल्लीला आले.

त्याच 1942 च्या जुलैत, उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुकचं ठाणं जर्मनांच्या हाती पडल्यावर, चर्चिल यांच्यावर अविश्वास ठराव आला. मांडणारे वॉर्डलॉ-मिल्न त्यांच्याच पक्षाचे आणि एकेकाळी आपल्या मुंबईच्या महापालिकेतही बसलेले. सैन्याची सूत्रं राजाच्या भावाकडे, ड्यूक ऑफ ग्लॉस्टरकडे द्या, असं ते भाषणात म्हणाले आणि सभागृह हसायला लागलं. ठरावाची हवा तिथेच गेली: 475 विरुद्ध 25. पण ऐन युद्धात दोन दिवस चर्चा झाली आणि पंतप्रधानाला उभं राहून उत्तर द्यावं लागलं, हे मला मोठं वाटतं.

आणि लगेच राग येतो. सव्वा महिन्यातच मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि 9 ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना उचललं. तेव्हाचे भारतमंत्री ॲमरी. 1940 मध्ये याच सभागृहाच्या बैठकीत स्वपक्षाच्याच पंतप्रधान चेंबरलेनना 'देवासाठी चालते व्हा' असं सुनावणारे ते हेच. भारताला तर 1939 मध्ये व्हाइसरॉयनं मध्यवर्ती विधिमंडळाला न विचारताच युद्धात ओढलं होतं. स्वतःच्या घरात इतकी मोकळीक, आणि आमच्या दारात लाठ्या.

"मावशी, हे दार बघ," भाची कुजबुजली. नवं सभागृह 1950 मध्ये उघडलं तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी भेटी दिल्या. अध्यक्षांची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, मधलं टेबल कॅनडाचं. आणि आत यायची दारं? भारत आणि पाकिस्तानची.

मागचा गट आत येत होता, म्हणून आम्ही बाजूला झालो. बाहेर पडताना मी आपल्या दाराला हळूच हात लावला. भाचीनं डोळे वटारले आणि मग तिनंही लावला.