घोड्याचं नाक

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आपल्याकडे ‘घोडा’ म्हणतात. जेएनपीटी बंदराच्या रांगेत उभा असलेला घोडा बहुधा चपट्या तोंडाचा असतो. इंजिन केबिनखाली आणि ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवर बसलेला. अमेरिकेतही असे घोडे एके काळी भरपूर होते. पण तिथल्या जुन्या ड्रायव्हरला देखणी गाडी कोणती असं विचारलं, तर बोट जाणार लांब नाकाकडेच, म्हणजे जिचं इंजिन केबिनच्या पुढे असतं अशा गाडीकडे. पीटरबिल्ट 389 किंवा केनवर्थ डब्ल्यू900एल. दोन्हींत बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंत 130 इंचांच्या आसपास, म्हणजे तब्बल 3.3 मीटर.

या नाकाला मोकळीक दिली ती कायद्याने. 1982 पर्यंत अनेक राज्यं घोडा आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी मोजत. मोजमाप ठरलेलं, त्यामुळे नाकाला दिलेला प्रत्येक फूट मालाच्या जागेतून कापला जायचा. म्हणून चपटी गाडी. 1982 च्या केंद्रीय कायद्याने मुख्य महामार्गांवर ही एकूण लांबीची अट काढली. मोजायचा तो ट्रेलर, पुढचा घोडा असो किती लांब. युरोपात 16.5 मीटरची एकूण मर्यादा राहिली, आणि तिथे चपटं तोंडही राहिलं.

अमेरिकन ड्रायव्हरांनी चपट्या गाडीला निरोप देताना अश्रू ढाळले नाहीत. तिच्यात इंजिनाचा उंचवटा दोन सीटच्या मधोमध. मागे झोपायला जायचं तर तो ओलांडून. इंजिन बघायचं म्हणजे अख्खी केबिन पुढे कलंडवायची. त्याआधी बिछान्यावरचं, कप्प्यातलं सगळं आवरायचं. एखादा बूट किंवा पाना विसरला, तर तो थेट समोरच्या काचेवर. शिवाय एक्सलच्या डोक्यावर बसल्यामुळे काँक्रीटचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजता येतो. नाकवाल्या गाडीत माणूस पुढच्या आणि मागच्या एक्सलांच्या मधे बसतो, आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, वाढेल तसा हिसका कमी होतो. लांब गाडी आधी पाठीला आवडली, डोळ्यांना मागाहून, असा माझा अंदाज.

डोळ्यांना काय हवं असतं ते मात्र इंचांत सांगता येतं. पुढचा एक्सल जमेल तितका बंपरजवळ. तो मागे सरकवला की गाडी कमी जागेत वळते आणि पुढच्या चाकांवर भारही जास्त घेता येतो, पण चाकापुढे बंपर लोंबकळतो आणि शौकिनाचं तोंड कडू होतं. केबिनमागे 63 इंची स्लीपर, म्हणजे झोपायचा कप्पा, तोही सपाट छताचा, म्हणजे केबिनची रेषा तशीच मागे जाते. त्यामागे थोडी उघडी चासी दिसलीच पाहिजे. त्यासाठी व्हीलबेस 280 ते 300 इंचांपर्यंत ताणतात. बंपर 18 ते 20 इंच खोल, जमिनीला टेकतो की काय असा. तो चढाच्या फाटकाला किंवा रेल्वे क्रॉसिंगला घासतो, म्हणून मागे वळणाऱ्या बिजागरीवर बसवलेले बंपरही मिळतात. आणि दोन बाजूंना धुराडी, साध्या 5 इंचांऐवजी 7 किंवा 8 इंच व्यासाची. 2007 पासूनच्या इंजिनांना काजळी अडवणारा फिल्टर आहे. आठ इंची नळीतून निघतं ते पाच इंचीतूनही सुखाने निघेल. टोक वरून तिरकं कापलेलं फार झोकदार दिसतं. उभ्या गाडीत पाऊसही तिथूनच आत जातो.

सपाट छताचीही एक गंमत आहे. फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरवर, लोखंड किंवा मागे टँकर असेल तर ते योग्यच, कारण मागचं ओझं बुटकं. पण साडेतेरा फूट उंच बंद पेटी जोडली, की सपाट छताच्या वरून सरळ आलेली हवा पेटीच्या उभ्या भिंतीवर आदळते. ताशी 65 मैलांवर इंजिनाची जवळपास निम्मी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. म्हणून केनवर्थने 1985 मध्ये उतरत्या नाकाचा टी600 आणला. डिझेल वाचलं, हे कोणी नाकारलं नाही. ड्रायव्हरांनी त्याचं नाव ठेवलं ‘मुंगीखाऊ’.

हिशेब करून बघा. वर्षाला एक लाख मैल. चौकोनी नाकाची गाडी गॅलनला 6 मैल देते आणि गोलाईची साडेसात, असं धरू. फरक सुमारे 3,300 गॅलनचा. डिझेल 4 डॉलर धरलं तर 13,000 डॉलरच्या वर. म्हणून शेकडो गाड्या बाळगणाऱ्या कंपन्यांच्या यार्डात गोल नाकंच दिसतात. चौकोनी नाक घेतो तो बहुतेक एका गाडीचा मालक, म्हणजे डिझेलचं बिल स्वतःच्या खिशातून भरणारा. त्याच्याकडे उत्तरं तयार असतात: विकताना किंमत चांगली येते, बॉनेट उघडलं की हात शिरायला जागा आहे, जुन्या धाटणीच्या दोन भागांच्या समोरच्या काचेचा एक सपाट तुकडा तडकला तर तेवढाच बदलता येतो. सगळं खरं आहे. 13,000 डॉलर भरून निघण्याइतकं खरं आहे का, हे मात्र त्याला विचारू नये. गाडी लांबून दिसताच ती कंपनीची नाही हे कळतं, त्याची किंमत या हिशेबात कुठे धरायची?

त्रास आहेच. गल्लीतल्या गोदामाला 53 फुटी ट्रेलर मागे लावताना 300 इंची व्हीलबेसच्या घोड्याचं तोंड समोरच्या लेनभर झाडू मारत फिरतं. नाकापुढचं काही फूट दिसतच नाही. उजव्या मडगार्डवरचा फुगीर आरसा त्यासाठीच.

2023 मध्ये पीटरबिल्टने 389 च्या जागी 589 जाहीर केला. नाक ठेवलं, पण केबिन 2.1 मीटर रुंद केली. आत कोपराला जागा झाली. बाहेरून मात्र रुंद केबिनपुढे तेच नाक आखूड वाटतं, निदान माझ्या डोळ्यांना. शौकीन यावर इलाज करतो तो ठरलेलाच: बंपर आणखी खोल, आणि काचेवर उन्हासाठी 14 इंची स्टीलची झडप, म्हणजे केबिन डोळे मिटल्यासारखी बसकी दिसते. प्रमाण साधतं. मग सिग्नलला अगदी रेषेवर थांबला, की स्टिअरिंगवर ओणवा होऊन मान वाकडी करून बघतो, हिरवा झाला का.