त्या दुसऱ्या निवेदनावर माझी सही का नाही

मी इथल्या मुस्लिम जमातीच्या कमिटीचा सदर, म्हणजे अध्यक्ष. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पानठेल्यावर विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, माझ्या कृषी केंद्रात कपाशीचं बियाणं घेता घेता विचारता: "सदरसाहेब, साऱ्यायनं सही केली, तुमीच काहून नाही केली?"

आधी पहिल्या निवेदनाचं. पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या जुम्म्याला, 25 एप्रिल 2025 ला, आमच्या जमातीनं दंडाला काळ्या फिती लावून नमाज पढली. तहसीलवर निवेदन दिलं, त्यावर पहिली सही माझी. 26 जणांना मारणाऱ्यांचा निषेध त्यात सरळ शब्दांत आहे. त्याबद्दल मला कोणी काही विचारत नाही. उलट त्याच आठवड्यात एका ओळखीच्या माणसानं तोंडावर सांगितलं की तुमचे लोक अशा वेळी गप्प बसतात. मी त्याला पेपरातला फोटो दाखवला नाही. कंटाळा येतो हो.

आता दुसरं. काही महिन्यांनी कुठल्याशा कटाच्या तपासात आपल्या गावातल्या मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या पोराला पथक चौकशीला घेऊन गेलं. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर त्याचा फोटो फिरत होता, खाली वाट्टेल ते लिहिलेलं. रात्री दुकान बंद करायच्या वेळी एक स्थानिक पुढारी टाइप केलेला कागद घेऊन आला. सोबत आमच्याच कमिटीतले दोघं. कागदावर त्या पोराचं नाव होतं, बापाचं नाव होतं, आणि वाक्य होतं की या गद्दाराशी व त्याच्या कुटुंबाशी जमातीचा कोणताही संबंध नाही.

मी म्हटलं, कटाचा निषेध लिहा, आत्ता सही करतो. नाव काढा, कुटुंबाचं वाक्य काढा.

"चाचा, हवा पाहा गावातली. आज सही झाली तं तुमच्याच मोहल्ल्याचं भलं आहे."

पुढारी खोटं बोलत नव्हता, हेच अवघड होतं. बाहेर चौकात पोरं जमली होती. कमिटीतल्या एकानं तिथंच, माझ्या काउंटरवर कागद ठेवून सही केली. त्याचा माल बाजार समितीत जातो, त्याला रोज तिथं उभं राहायचं असतं. मी त्याला नावं ठेवत नाही. दुसरा खाली बघत राहिला. मला मधेच आठवलं, मशिदीच्या बोअरची मोटर याच पोरानं दुरुस्त केली होती आणि पैसे घेतले नव्हते. पण ते काही कारण होत नाही. मोटर दुरुस्त करणारा कटात नसतोच असं थोडंच आहे? मी कागद परत केला. पुढारी म्हणाला, "लक्षात राहील." राहिलं.

घरी बायको म्हणाली, सही करून टाकायची होती, एक कागद तर होता. मी तिला मालेगावची आठवण दिली. तिथं 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बारातला, कब्रस्तानजवळ स्फोट झाले. पकडली मुसलमान पोरंच. त्यांना न्यायालयानं आरोपमुक्त केलं 2016 मध्ये. या दहा वर्षांत त्यांच्या घरच्यांशी "संबंध नाही" म्हणणारा कागद कोणी परत घेतला असता का?

तुम्ही म्हणाल, मालेगाव लांब आहे. मग पुसद घ्या. 2015 च्या बकरी ईदला मशिदीबाहेर पोलिसांवर चाकू चालला. तो निषेध त्याच दिवशी करायचा होता, त्यात पण-बिण काही नाही. 2019 मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयानं चाकू चालवणाऱ्याला हल्ल्याबद्दल शिक्षा दिली, आणि दहशतवादाच्या आरोपातून तिघांनाही सोडलं. कृत्यावर आज बोलता येतं. माणसावर बोलायला थांबावं लागतं.

पोरगा चौकशी होऊन घरी आला. तेव्हापासून काही जण माझी पाठ थोपटतात. ती थोपटू नका. तो दोषी निघाला असता तरी मी त्याच्या आईला गावाबाहेर काढणाऱ्या वाक्याखाली सही केली नसती. निदान असं मी स्वतःला सांगतो.

एक जुनी गोष्टही आहे. 26/11 नंतर मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ अतिरेक्यांना दफनाला जागा नाकारली, तेव्हा मी याच दुकानात चिडलो होतो. मुडद्याचा हिशोब अल्लाकडे, तुम्ही कोण? आज मला त्या विश्वस्तांचं बरोबर वाटतं. ते आपणहून बोलले, कोणी कागद पुढे केला म्हणून नाही. आणि अतिरेक्यांची कृत्यं साऱ्या जगानं पाहिली होती. पण तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो: म्हणजे डोळ्यांनी दिसलं तरच नाव घेऊन बोलणार? कट तर कधीच दिसत नसतो. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आणि पोराचा बाप? तो एकदाच भेटला. म्हणाला, "तुम्ही सही नाही केली हे खरं. पण आमच्या बाजूनं तरी कुठं बोलले?" मी म्हटलं, सदरनं चांगल्या चालीचं सर्टिफिकेट वाटायचं नसतं. तो निघून गेला.

आता कमिटीत ठराव मांडलाय मी: कुठंही हल्ला किंवा कट उघड झाला की त्याच दिवशी निषेध, जुम्म्याच्या बयानात, म्हणजे प्रवचनात, पोरांना मोबाइलवरच्या विखारी व्हिडिओंबद्दल स्पष्ट समज, आणि नाव निकालानंतर. मौलानांना पहिलं-दुसरं मान्य आहे. तिसऱ्या मुद्द्यावर, त्या रात्री कागदावर सही करणारा सदस्य म्हणाला, "अन् निकाल दहा वर्षांनी लागला तं? तवा निवेदन वाचणार कोण?" मी म्हटलं, तवाही द्यायचं. ठराव अजून मंजूर झालेला नाही.