गाडी नाही?

"गाडी नाही?" इंग्लंडमधल्या बोर्टन-ऑन-द-वॉटर या खेड्याच्या बसथांब्यावर एका आजींनी विचारलं. सुरात अगदी "जेवला नाहीस?"

बस डोळ्यांदेखत गेली होती. पुढची दीड तासाने.

"मग शेतातून जा की!"

मला जायचं होतं ते शेजारचं गाव, लोअर स्लॉटर, जेमतेम दीड मैल. लाकडी फाटक ढकललं, मेंढ्या टक लावून बघायला लागल्या. मी चोरासारखा. पण पाटी स्पष्ट: 'पब्लिक फुटपाथ'. शेत खाजगी, तरी त्या वाटेने चालण्याचा हक्क कायद्याने कुणालाही. फाटक मागे नीट लावायचं, बास. (आमच्याकडे बांधावरून तीन पिढ्या कोर्टात.)

तिथल्या पाणचक्कीपाशी पोचलो तेव्हा आठवलं, आजीही बसचीच वाट बघत होत्या. उलट दिशेच्या.

मला शेताची वाट होती. ती बस बंद झाली तर त्यांनी काय करायचं?